बिटाचा केक तपकिरी, पालकाची इडली मळकट: रंग टिकवायचे कसे?

प्रश्न: मी घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहते. आमच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमधून मुलांच्या वाढदिवसाच्या ऑर्डरी घेते. केक, इडली, ढोकळा, श्रीखंड, सरबत असं सगळं घरीच करते. हल्ली बहुतेक आया 'बाटलीतला रंग नको' असं आधीच बजावतात, म्हणून बीट, पालक, हळद आणि गोकर्ण वापरायला लागले. पण बिटाचा केक कच्च्या मिश्रणात छान गुलाबी असतो आणि ओव्हनमधून तपकिरी होऊन बाहेर येतो. पालकाची इडली मळकट दिसते. ढोकळ्यावर लाल ठिपके उठतात. गोकर्णाचं निळं सरबत लिंबू पिळल्याबरोबर जांभळं झालं आणि ग्राहकाची बोलणी खावी लागली. पुढच्या महिन्यात २५ मुलांची ऑर्डर आहे. त्यांना लाल केक, निळं सरबत, हिरवी इडली आणि गुलाबी श्रीखंड हवंय. ऑर्डर घेऊ की नको?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: ताई, ऑर्डर जरूर घ्या, फक्त केकबद्दल आधी बोलून घ्या. का, ते पुढे येईलच.

तुमच्या चारही तक्रारींचं मूळ एकच आहे. बाटलीतला रंग केकमध्ये घाला, सरबतात घाला, जवळपास सारखाच दिसतो. झाडापानांच्या रंगांचं तसं नसतं. पदार्थ आंबट आहे की सोड्याचा, तो किती वेळ तापणार आहे, आणि त्यात पाणी जास्त आहे की तूप-लोणी, यावर त्यांचं सगळं ठरतं. तेच बीट श्रीखंडात आठवडाभर गुलाबी राहतं आणि केकमध्ये अर्ध्या तासात मरतं. बिटात खोट नाही, जागा चुकली. म्हणून आधी पदार्थ बघायचा, रंग त्यानंतर निवडायचा.

बिटापासून सुरुवात करू, कारण तुमच्या यादीतले लाल आणि गुलाबी असे दोन्ही पदार्थ त्याच्यावरच आहेत. बिटातल्या रंगद्रव्याचं नाव बीटानिन. त्याला थोडी आंबट जागा मानवते. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका आंबटपणा जास्त) ४ ते ५च्या आसपास असेल तर ते सगळ्यात जास्त टिकतं. उष्णता, उजेड आणि हवा हे त्याचे शत्रू. सोड्याने मिश्रण आंबटपणाच्या पलीकडे गेलं की ते पिवळट-तपकिरी होतं. केकमध्ये सोडाही असतो आणि १८० अंशांवरची तीस-पस्तीस मिनिटंही असतात. दोन्ही मार एकदम बसल्यावर गुलाबी रंग उरणार कसा?

तरीही बिटाचा केक करायचाच असेल तर सोडा पूर्ण काढून टाका आणि फक्त बेकिंग पावडर वापरा. दीड कप मैद्याला पाऊण कप कच्च्या बिटाची अगदी बारीक पेस्ट, अर्धा कप दही, एक टेबलस्पून लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि दीड चमचा बेकिंग पावडर एवढं प्रमाण ठेवा. बीट उकडून घेऊ नका, निम्मा रंग उकडण्याच्या पाण्यातच जातो. लिंबाचा रस वाटतानाच बिटात घाला, शेवटी नको. कोको घालणार असाल तर साधा, तोही एखादा चमचाच. 'डच प्रोसेस' कोकोवर अल्कलीची, म्हणजे सोड्यासारख्या, आंबटाच्या उलट पदार्थाची प्रक्रिया केलेली असते, तो बिटाचा रंग हमखास मारतो. मोठ्या टिनऐवजी कपकेकचे साचे घ्या आणि १६० अंशांवर अठरा-वीस मिनिटांत काढा. एवढं करूनही वरची साल तपकिरीच होईल. आतला भाग विटकरी-गुलाबी राहील, बेकरीतल्या रेड व्हेल्वेटसारखा लालभडक होणार नाही.

म्हणूनच ग्राहकाशी आधी बोलायचं. आतून लाल स्पंज देण्याचा शब्द देऊ नका. साधा व्हॅनिला स्पंज करा आणि सगळा लाल रंग वरच्या क्रीममध्ये द्या. क्रीमला भट्टी लागत नाही, त्यामुळे बीट तिथे सुखाने राहतं. मुलांचं लक्षही वरच्या थराकडेच असतं.

क्रीमसाठी रस नको, पावडर हवी. रसात पाणी असतं आणि लोण्याच्या क्रीममध्ये पाणी चमच्या-दोन चमच्यांच्या वर गेलं की क्रीम फाटतं. पावडर घरी होते. बीट सोलून शक्य तितके पातळ काप करा, त्यांना लिंबाचा रस चोळा आणि ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशांवर, दार किंचित उघडं ठेवून, काप कटकन मोडेपर्यंत वाळवा. उन्हात वाळवू नका, उजेडाने रंग उडतो. मग मिक्सरला फिरवून मैद्याच्या चाळणीने चाळा. बिटात बहुतेक पाणीच असतं, तेव्हा एक किलोतून १०० ग्रॅमच्या आसपास पावडर निघेल. कमी निघाली म्हणून घाबरू नका. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ही पावडर बघता बघता दगड होते. म्हणून छोट्या छोट्या काचेच्या बाटल्यांत घट्ट झाकणाखाली, अंधाऱ्या कपाटात किंवा सरळ फ्रीझरमध्ये ठेवा आणि एका वेळी एकच बाटली उघडा. फ्रीझरमधली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडायची, नाहीतर आत दव धरतं.

२५० ग्रॅम बटरक्रीमला दोन चमचे पावडर घातली की स्वच्छ गुलाबी रंग येतो. आधी पावडर चमचाभर क्रीममध्ये कालवून गुठळ्या मोडा, मग बाकीच्या क्रीममध्ये मिसळा. लगेच रंग फिका वाटला तरी वाढवू नका, अर्ध्या-एक तासात तो खुलतो. चार चमच्यांच्या पुढे गेलात तर मातकट वास येईल. त्या वासाला थोडं गुलाबपाणी किंवा व्हॅनिला उतारा आहे, पण मर्यादेतच.

बीट एकटं कधी लाल दिसत नाही, ते राणी रंगाकडे झुकतं. लाल हवा असेल तर त्यात नारिंगी मिसळायला लागतो आणि लोण्याच्या क्रीमसाठी नारिंगीचा उत्तम धनी म्हणजे शेंद्री (इंग्रजीत अनाटो). एक टेबलस्पून शेंद्रीचं बी पाव कप तेलात अगदी मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. तेल गडद केशरी झालं की लगेच गाळा. बी काळं पडलं तर तेल कडू होतं आणि ते फेकूनच द्यावं लागतं. हे तेल थेंबाथेंबाने बिटाच्या क्रीममध्ये घाला, राणी रंग लालकडे सरकताना डोळ्यांनी दिसेल. शेंद्री मिळाली नाही तर २०० ग्रॅम किसलेलं गाजर ५० ग्रॅम तुपात मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं परतून तूप गाळून घ्या. गाजराचा रंग तुपात उतरतो, पाण्यात नाही. गाजर हलव्याच्या कडेला सुटलेलं तूप नारिंगी असतं ते यामुळेच. वाशीच्या मसाला मार्केटात मिळणारी बेडगी मिरचीही तेलात सुंदर रंग देते, पण ती तिखटमिठाच्या पदार्थांसाठी ठेवा. केकला मिरचीचा वास लागतो.

गुलाबी श्रीखंड हे या यादीतलं सगळ्यात सोपं काम. चक्का आंबट असतो, थंड असतो आणि श्रीखंड शिजवायचं नसतं, म्हणजे बिटाला हवं ते सगळं तिथे आहे. एक किलो श्रीखंडाला दोन सपाट चमचे पावडर, एक टेबलस्पून दुधात भिजवून. रस घातलात तर श्रीखंड सैल होईल. एक खबरदारी मात्र घ्या: श्रीखंडासाठी गोकर्णाच्या वाटेला जाऊ नका. आंबट दुधाळ पदार्थात तो निळा नीट उमटत नाही, राखाडी-जांभळट दिसतो आणि खाणाऱ्याला पदार्थ खराब झाल्यासारखा वाटतो.

आता सरबत. गोकर्णाच्या फुलातला निळा रंग अँथोसायनिन गटातला आहे. जांभूळ, कोकम, जांभळा कोबी, अंबाडीची लाल बोंडं ही सगळी त्याच कुळातली. या कुळाचा स्वभावच असा की आंबट मिळालं की लालकडे जायचं आणि सोडा मिळाला की हिरव्याकडे. कोकम मुळातच आंबट असल्यामुळे त्याचं सरबत आपोआप लाल राहतं. गोकर्णाच्या पाण्यात आंबट काही नसतं, म्हणून ते निळं. २०० मिली ग्लासात अर्धा चमचा लिंबू पडलं की जांभळं, दोन चमचे पडले की गुलाबीसर. तेव्हा निळं सरबत हवं असेल तर लिंबू, कोकम, कैरी, संत्रं यांपैकी काहीच त्यात जायला नको.

मग चव कशाची? वाळ्याची. वाळ्याची जुडी स्वच्छ धुऊन रात्रभर पिण्याच्या पाण्यात बुडवून ठेवा, पाण्याला सुगंध लागतो आणि आंबटपणा येत नाही. २५ मुलांना प्रत्येकी दीडशे मिली धरलं तर चार लिटर सरबत पुरेल. एक लिटर पाणी उकळून खाली उतरवा, दोन मिनिटांनी त्यात गोकर्णाची साठ वाळलेली फुलं घाला, झाकण ठेवून दहा मिनिटांनी गाळा. गाळताना फुलं पिळू नका, पिळली की पाणी गढूळ होतं आणि कच्च्या पाल्याचा वास उतरतो. फुलांमागची हिरवी टोपी आधीच खुडून टाकलीत तर तो वास मुळातच कमी येतो. निळ्या पाण्यात ४०० ग्रॅम साखर विरघळवा आणि गार झालं की तीन लिटर वाळ्याचं पाणी मिसळा. भिजवलेला सब्जा आयत्या वेळी. हे सरबत आदल्या दिवशी करून फ्रिजमध्ये ठेवता येतं, पण काचेचा जार खिडकीत उन्हाला ठेवू नका.

तुमच्या भागात एक अडचण खास आहे. घोडबंदर पट्ट्यात बऱ्याच सोसायट्यांना टँकरचं किंवा बोअरचं पाणी मिसळून येतं. जड पाणी उकळलं की ते अधिकच अल्कलीकडे झुकतं आणि गोकर्ण त्यात निळ्याऐवजी मोरपिशी किंवा हिरवट उतरतो. ऑर्डरच्या आधी एकदा पारखून बघा. दोन पांढरे कप घ्या, एकात नळाचं उकळतं पाणी, दुसऱ्यात फिल्टरचं, दोन्हींत पाच-पाच फुलं. पाच मिनिटांनी कप शेजारी शेजारी ठेवून खिडकीच्या उजेडात बघा. नळाचा कप जरा जरी हिरवा वाटला तर सगळं काम फिल्टरच्या पाण्यात करा. लोखंडी आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांनाही या कुळातल्या रंगांपासून लांब ठेवा, धातू लागला की रंग काळपट होतो. स्टील किंवा काच उत्तम.

लिंबाने रंग बदलतो ही गोष्ट तुम्ही ग्राहकाला आधीच सांगितलीत तर तीच या सरबताची गंमत होईल. निळं सरबत ग्लासात द्या आणि लिंबाच्या फोडी वेगळ्या वाटीत. मुलांनी स्वतः पिळायचं. थेंब पडतो तिथून जांभळा धूर खाली उतरत जातो आणि ढवळल्यावर सगळा ग्लास बदलतो. वाढदिवसाला याहून चांगला खेळ नाही.

फुलं मात्र खाण्यासाठी म्हणून विकली जाणारी किंवा घरच्या वेलाचीच घ्या. हारवाल्याकडच्या फुलांवर कसली फवारणी झाली आहे ते कळत नाही. गडद निळी फुलं निवडा. वेलाच्या शेंगा, बिया आणि मूळ स्वयंपाकात आणू नका, ती जुलाब करतात.

कुणी निळं क्रीम मागितलं तर? गोकर्णाचा काढा पाणीदार असतो आणि लोणी पिवळसर, त्यामुळे निळ्या-पिवळ्याचा हिरवा होतो. तिथे पांढरी व्हिपिंग क्रीम घ्या आणि गोकर्णाची वस्त्रगाळ पूड वापरा. दुसरा मार्ग जांभळ्या कोबीचा, पण त्याला हात स्थिर हवा. अर्धा कोबी चिरून, बुडेल एवढ्या पाण्यात पंधरा मिनिटं उकळा, गाळा आणि झाकण न ठेवता आटवून पाव कप करा. झाकण ठेवलं तर कोबीचा उग्र वास आत कोंडतो. गार झालेल्या जांभळ्या अर्कात सुरीच्या टोकावर मावेल इतकाच खायचा सोडा टाकून ढवळा, अर्धा मिनिट थांबा, रंग बघा, मग पुढची चिमूट. जांभळ्याचा निळा होईल. तिथेच थांबायचं. आणखी एका चिमटीने तो हिरवा होतो आणि चव साबणासारखी लागते.

इडलीचा हिरवा रंग. पानातल्या हिरव्या रंगद्रव्याच्या, क्लोरोफिलच्या, मध्यभागी मॅग्नेशियम असतं. आंबट आणि गरम एकत्र आलं की ते निघून जातं आणि हिरव्याचा शेवाळी-खाकी होतो. आंबलेलं इडलीचं पीठ आंबट, वर वाफ, म्हणजे दोन्ही आलं. ते पूर्ण थांबवता येणार नाही, वेळ मात्र कमी करता येतो. पालकाची कोवळी पानं उघड्या पातेल्यात खळखळत्या पाण्यात ४० सेकंद बुडवा, लगेच बर्फाच्या पाण्यात काढा, घट्ट पिळा आणि पाणी न घालता वाटा. पीठ नुकतंच फुगलेलं, फार न आंबलेलं घ्या. चार वाट्या पिठाला पाऊण वाटी पेस्ट, तीही साच्यात ओतण्याच्या क्षणी. मोठ्या इडल्यांऐवजी बटण इडलीचे साचे वापरा, सात-आठ मिनिटांत होतात.

खरा घात पुढे होतो. गरम इडल्या कॅसरोलमध्ये भरून झाकण लावलं की त्या आत तासभर शिजतच राहतात आणि पार्टीला उघडेपर्यंत खाकी होतात. साच्यातून काढल्या की पंख्याखाली गार करा, मगच डब्यात भरा. पिठात सोडा वाढवून हिरवा टिकवायचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. रंग टिकतो, पण चव बिघडते आणि ब जीवनसत्त्वातलं थायमिन जातं. आमचं मत विचाराल तर मुलांसाठी पांढऱ्या बटण इडल्या करून मधे हिरवी चटणी भरणं जास्त खात्रीचं. चटणीत लिंबू वाढायच्या आधी, आयत्या वेळी.

ढोकळ्याचे लाल ठिपके हळदीचे आहेत. हळदीतलं कर्क्युमिन सोड्याच्या संगतीत लाल-तपकिरी होतं, आणि सोडा जिथे नीट मिसळत नाही तिथे ठिपका उठतो. सोडा चाळून घ्या, एका वाटी बेसनाला चमच्याच्या आठव्या भागापेक्षा जास्त हळद नको, आणि आंबटाचं प्रमाण सांभाळा. वजनात चार भाग सोड्याला तीन भाग सायट्रिक ॲसिड, म्हणजे एका चमचा सोड्याला साधारण पाऊण चमचा. एवढं आंबट असेल तर सोडा शिल्लक राहत नाही आणि हळद पिवळीच राहते. हळद पाण्यात विरघळत नाही, तेव्हा चमचाभर तेलात कालवून घातलीत तर सगळीकडे सारखी पसरेल.

आता विक्रीबद्दल, कारण तुम्ही पैसे घेऊन देता. घरून विकत असाल तरी एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते. नसेल तर या ऑर्डरच्या आधी अर्ज करा. डब्यावर 'केमिकल फ्री' लिहू नका. 'नैसर्गिक' हा शब्द वापरायलाही २०१८च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांत अटी आहेत. 'क्रीममध्ये बिटाची पावडर आणि शेंद्रीचं तेल' असं सरळ लिहा, आयांना तेच वाचायचं असतं.

बाटलीतल्या रंगाला विष म्हणून हिणवायचीही गरज नाही. आपल्याकडे खाण्यात आठ कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि ते जिथे चालतात तिथे साधारण मर्यादा किलोमागे १०० मिलिग्रॅमची आहे. भीती आहे ती विनालेबल सुट्या पुडीची, ज्यात मेटॅनिल यलो किंवा रोडामाइन-बी असे खाण्यात परवानगी नसलेले रंग असू शकतात. २०२४ मध्ये कर्नाटकाने गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीतल्या कृत्रिम रंगांवर बंदी आणली, त्यात कॉटन कँडीत सापडलेलं रोडामाइन-बी हे मोठं कारण होतं. आणि १०० मिलिग्रॅमच्या जागी आपण क्रीममध्ये किलोमागे वीस-पंचवीस ग्रॅम बिटाची पावडर घालतो. एवढ्या फरकामुळे झाडाच्या रंगात चव येते, छटा फिकी राहते आणि खर्चही वाढतो. दर लावताना तो धरा. पहिल्यांदा मागणाऱ्या ग्राहकाला तुमच्याच हातच्या क्रीमचा दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवा, इंटरनेटवरचा नको.

बिटाचे पदार्थ खाल्लेल्या काही मुलांची लघवी किंवा शी दुसऱ्या दिवशी लालसर दिसते. त्यात काळजीचं कारण नसतं, पण ठाऊक नसेल तर आई रात्रीच डॉक्टरकडे धावेल. ऑर्डर देताना यजमानांना सांगा आणि पाहुण्यांच्या आयांच्या ग्रुपवर तेवढी एक ओळ टाकायला लावा.